मदत हवी आहे : ध्यान जमत नाही, हरिपाठात मन रमतं. माझा मार्ग कोणता?

नमस्कार मंडळी. वय ५६, गुडघे कुरकुरतात. दोन वर्षं आसनं-प्राणायामाच्या वर्गाला जातेय. शरीराला फरक पडला, झोप सुधारली. पण ध्यानाला बसलं की पाचव्या मिनिटाला पायाला मुंग्या येतात आणि मन दुधाच्या पातेल्यापाशी जातं. संध्याकाळी सासूबाईंसोबत हरिपाठ म्हणताना मात्र टाळ हातात घेतला की वेळेचं भानच राहत नाही. परवा तर डोळ्यांतून पाणी आलं.

वर्गातले शिक्षक म्हणतात, भजन म्हणजे योग नव्हे. मला हे पटत नाही. गीतेचा बारावा अध्याय भक्तियोगाचाच आहे ना? अव्यक्ताची, म्हणजे निराकाराची, उपासना देहधाऱ्याला अधिक कष्टाची, असं तिथेच म्हटलंय. पण ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात माउली कुंडलिनीचं इतकं सविस्तर वर्णन करतात, त्या योगमार्गाला ‘पंथराज’, म्हणजे मार्गांचा राजा, म्हणतात, ते वाचलं की पुन्हा वाटतं, आपण ध्यान सोडून चूक तर करत नाही ना?

तुमच्यापैकी कोणी अशा पेचातून गेलंय का? ध्यान बाजूला ठेवून नामस्मरणच धरलंत, की दोन्ही चालू ठेवलंत? आणि पुण्यात हे शांतपणे समजावून सांगणारं कोणी असेल तर कृपया कळवा.