रोज डांबरी रस्ता, मग जाड टायरची सायकल कशाला?

गारखेडा ते वाळूज:
आमच्या कंपनीत दिवाळीनंतर तिघांनी सायकली घेतल्या. तिन्ही एमटीबी, म्हणजे डोंगरातल्या कच्च्या वाटेसाठीची माउंटन बाइक. रबराच्या उंच गोट्या असलेले जाड टायर, पुढे शॉकअप, एकीला तर मागेही. तिघेही छत्रपती संभाजीनगरहून वाळूजला येणारे, म्हणजे क्रांती चौक, छावणी, नगर नाका, गोलवाडी, पंढरपूर. सगळा पक्का रस्ता. पंधरा दिवसांत दोघं पुन्हा मोटारसायकलवर आले. म्हणे, "लई जड जाते." मला फार वाईट वाटलं. मनापासून सुरू केलं होतं त्यांनी.

रोज डांबरावरून दहा-पंधरा किलोमीटर जाणाऱ्याने एमटीबी घेऊ नये, हायब्रिड, म्हणजे पक्क्या रस्त्याला जमणारी, कमी रुंद टायरची सायकल घ्यावी, असं माझं मत आहे. गोट्या असतात मातीत रुतून पकड घ्यायला. डांबरात त्या रुतत नाहीत, नुसत्या दबतात, वाकतात, पुन्हा सरळ होतात, आणि हे वाकवायचं काम आपले पाय करतात. तो घुर्रर्र आवाज येतो ना, त्यात आपलीच ताकद जाते. ओल्या डांबरावर वळताना तर गुळगुळीत टायरच जास्त धरून ठेवतो, कारण त्याचं जास्त रबर रस्त्याला टेकलेलं असतं.

शॉकअपचंही तेच. स्वस्त सायकलच्या पुढच्या शॉकअपचंच वजन दोन-अडीच किलो भरतं. छावणीच्या पुढे उभं राहून जोर लावला की सायकल पुढे सरकायच्या आधी खाली बसते. ही सायकल जन्मली कॅलिफोर्नियातल्या मरीन काउंटीत, १९७० च्या दशकात. तिथली पोरं जुन्या जाड टायरच्या सायकली डोंगरउतारावरून सोडायची. आपल्याला सातची शिफ्ट गाठायची असते.

विष्णुपुरीवाला:
दादा, तुमचा रस्ता चांगला असंल. मी नांदेडात वजिराबादहून गोदावरीचा पूल ओलांडून लातूर फाट्यावरून विष्णुपुरीला जायलो, तीन साल झाले, एमटीबीवरच. डांबरी रस्ता म्हणता, पण सायकलवाल्याला त्यातला कोणता भाग मिळतो ते सांगा की. मधला मिळतो का? आपल्या वाट्याला येते ती कड, आणि कडेलाच डांबर तुटलेलं असतं.

आपल्याकडची जमीन काळी. पावसात फुगते, उन्हाळ्यात आटून भेगाळते. वरचं डांबर तिच्यासंगं वरखाली होतं आणि पहिल्यांदा कडाच जातात. मागच्या श्रावणात मागून सळयांचा ट्रक हॉर्न देत आला. समोरून बस. मी हॅण्डल वळवलं आणि साइडपट्टीवर उतरलो. चार बोटं खोल उतार, खाली सुटा मुरूम, त्यात अर्धी वीट. पुढचं चाक विटेवर चढलं, शॉकअप दबला, मी तसाच दहा पावलं गेलो आणि परत वर आलो. पाय खाली टेकवला नाही. बारीक टायर असता तर त्या डांबराच्या कडेला चाक घासून मी ट्रकच्या बाजूलाच पडलो असतो. पाच-सात मिनिटं उशीर झाला तर होऊ द्या, मला घरी पोचायचं आहे.

औसा रोड, लातूर:
भाऊ, तुमचं खरं आहे, साइडपट्टीची भीती मलाही वाटते. पण मी आईच्या बाजूने लिहिते. अकरावीला मुलीला ट्यूशनसाठी सायकल घेतली. तिला दोन्ही शॉकअपवालीच हवी होती, दिसायला छान म्हणून. मीही हट्ट पुरवला आणि आता हळहळते आहे.

एक तर मडगार्ड नाही. जूनच्या पहिल्या पावसात ती क्लासमधून आली तेव्हा ड्रेसच्या पाठीवर कमरेपासून मानेपर्यंत काळ्या चिखलाचा पट्टा होता, ओढणी वेगळी धुवावी लागली. दुसरं म्हणजे मागच्या शॉकअपमुळे साधं कॅरिअर बसत नाही. मग फिजिक्स-केमिस्ट्रीची सगळी पुस्तकं पाठीवर. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर असतो, त्यात ती दप्तर काढते तेव्हा पाठ भिजून चिंब. सायकल मी उचलून पाहिली, जिन्याच्या तीन पायऱ्यासुद्धा चढवता आली नाही. लहानपणी मी परळीला काकांची दांडीची काळी सायकल चालवली आहे. तीही जडच होती, पण तिला मडगार्ड होतं, चेनकव्हर होतं, कॅरिअर होतं, स्टँड होता. रोजच्या सायकलला हे लागतंच. शाळकरी मुलींना सायकल घेणाऱ्यांनी रंग बघायच्या आधी हे बघावं.

गंगाखेड रोड, परभणी:
माझं सायकल दुरुस्तीचं काम आहे, म्हणून थोडं सविस्तर.

ज्याच्याकडे एमटीबी आहे त्याने ती विकू नये, टायर बदलावेत. टायरच्या कडेवर चाकाच्या मापाचा आकडा बघा. २६ इंचीवर ५५९, साडेसत्तावीसवर ५८४, २९ वर ६२२. तोच आकडा असलेला, दीड ते पावणेदोन इंच रुंदीचा, कमी नक्षीचा टायर घ्यायचा. कडेवर लिहिलेल्या मर्यादेत राहून ५०-६० पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) हवा भरायची. निम्मी गिऱ्हाइकं "जड जाते" म्हणून येतात तेव्हा टायरमध्ये वीस-पंचवीसच असते. अंगठ्याने दाबलं की टायर आत जातो, आणि दोष सायकलला. हवा कमी असताना खड्ड्यात आदळली की ट्यूब रिममध्ये चिमटते, शेजारीशेजारी दोन भोकं पडतात. तसलं पंक्चर मी लांबूनच ओळखतो.

एमटीबीला रस्त्यावर गिअर कमी पडतात असं काही जण म्हणतात, तेही खरं नाही. पुढे ४२ दातांचं चाक आणि मागे १४ चं असेल, तर पायडलच्या एका फेऱ्यात २६ इंची सायकल सहा मीटरच्या वर जाते. मिनिटाला ७० फेरे मारले तर ताशी २५-२६ किलोमीटर. वाळूजला याहून जोरात जायचं कशाला?

काट्याचं मात्र कुणी बोललं नाही. साइडपट्टीवरचे सराटे आणि तोडलेल्या बाभळीचे काटे गोट्यांच्या मधल्या पातळ रबरातूनच घुसतात. जाड दिसतो म्हणून तो टायर काट्याला भारी, असं समजू नका. टायरच्या आत काटारोधक पट्टी घाला. आणि ताई, मागचा शॉकअप रोजच्या सायकलला नकोच, यात माझं दुमत नाही.

गारखेडा ते वाळूज:
टायरचं पटलं. तिसऱ्या सहकाऱ्याची अजून चालू आहे, पण तोही आठवड्यातून दोनदाच आणतो. त्याच्या सायकलवर ५८४ आहे, आज जेवणाच्या सुट्टीत वाकून बघितलं. पण नवी घेणाऱ्याला मी अजूनही हायब्रिडच सांगेन. साध्या फोर्कची, म्हणजे पुढे शॉकअप नसलेली, ३५-४० मिलिमीटरच्या टायरची. आधी डांबरावर निकामी असलेल्या शॉकअपचे पैसे द्यायचे आणि वर पुन्हा टायरही बदलायचे, हे मला पटत नाही.

विष्णुपुरीवाला:
निकामी कसा? त्या विटेवरून मला त्यानंच काढलं. तुमचे चाळीसचे टायर ऑगस्टमध्ये आमच्या साइडपट्टीवर उतरवून दाखवा, मग मी ऐकतो. दीड इंचीचं मात्र करून बघायलो, पण फक्त मागचा. पुढचा गोट्यांचाच राहील.

गंगाखेड रोड, परभणी:
पुढे गोट्या, मागे गुळगुळीत, हे चालतं. वजन मागच्या चाकावर जास्त असतं, त्यामुळे फरक तिथेच जास्त कळेल. जुना टायर फेकू नका, जूनमध्ये लागेल.

औसा रोड, लातूर:
दादा, मागच्या शॉकअपच्या सायकलला सीटच्या दांड्याला अडकवायचं मडगार्ड मिळतं का? तेवढं सांगा, शनिवारी बाजारात जाणार आहे.

गंगाखेड रोड, परभणी:
मिळतं, ताई. सीटच्या दांड्याची जाडी मोजून न्या. आणि सीट पूर्ण खाली असेल तर ते चाकाला घासेल, आधी मुलीला बसवून मधलं अंतर बघा.