त्या वयात घर हललं, देवही हलला: तुमचे अनुभव लिहा

हेमांगी_क
मावसबहिणीच्या बाळाचा जन्मदाखला आला. 1 मे 2024 नंतर जन्मलेल्यांच्या नावात आधी आईचं, मग वडिलांचं नाव. माहीत होतं, पण छापलेलं पाहिलं आणि नववीचं वर्ष आठवलं. बाबा घर सोडून गेले होते. हजेरी घेताना रोज त्यांचं नाव पुकारलं जायचं. घरात त्यावर कुणी बोलायचं नाही. आजीने मला सोळा सोमवार धरायला लावले, बाबा परत यावेत म्हणून. मी मनापासून केले. उद्यापन झालं, बाबा आले नाहीत. आजी म्हणाली, "तुझंच मन नव्हतं त्यात." चौदा वर्षांच्या मुलीला हे सांगतात? आईने त्या दिवशी पहिल्यांदा सासूला उलट उत्तर दिलं. माझं देवाशी बोलणं तिथेच थांबलं. तुमच्यापैकी कुणाचं असं काही?

अबोली
हेमांगी, घट्ट मिठी. कुकर लावलाय, नंतर लिहिते.

पिंपळपान
आमचे आजोबा 1956 ला नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आले. बावीस प्रतिज्ञा (हिंदू देव मानणार नाही वगैरे) मला शाळेतल्या कवितांच्या आधी पाठ. पप्पा वारले, आम्ही मामाकडे आलो. तिकडे भिंतीवर बाबासाहेब आणि खाली कोनाड्यात खंडोबाचा टाक. चंपाषष्ठीला तळी उचलताना सगळे "येळकोट येळकोट" म्हणाले, मी गप्प. मामी रागावली नाही, पण त्यांच्या ताटात जेवत होतो ना, ते मनात असायचंच. भंडारा लावून घेतला, मग मोरीत जाऊन धुतला. पप्पांना फसवल्यासारखं वाटलं. आज मी ठाम बौद्ध आहे, तरी मामीवर तेव्हाइतकीच माया आहे.

सुगरण७
चंपाषष्ठी म्हटल्यावर भरीत-रोडगा! पिंपळपान, तुमच्याकडे रोडगा गव्हाचा की बाजरीचा?

पिंपळपान
बाजरीचा. भरीत मामीच्या हातचंच, वांगी चुलीत भाजून.

वसईकरीण
डॅडी कॅथलिक, आई हिंदू. वेगळे झाले तेव्हा माझं कन्फर्मेशन (बाप्तिस्म्यानंतरचा, श्रद्धा पक्की करायचा चर्चमधला संस्कार) जवळ आलेलं, तयारीचे वर्ग अर्धे राहिले. पुण्यात वर्गातल्या मुली, "तू ख्रिश्चन, मग मराठी कशी बोलतेस?" अगं, आमच्या गावात मिस्साच (चर्चमधली उपासना) मराठीत होतो! आईने कधी चर्चला जाऊ नको म्हटलं नाही, पण रविवारी सकाळी तिचा चेहरा पडायचा, म्हणून मीच जाणं सोडलं. नोकरी लागल्यावर स्वतःहून कन्फर्मेशन घेतलं. आई आली होती, मागच्या बाकावर बसली.

अबोली
आले. वसईकरीण, डोळ्यात पाणी आलं गं. मी बारावीत, बाबांचे दिवस चाललेले. बायकांनी आईच्या बांगड्या फोडल्या, मला आतल्या खोलीत कोंडलं. आवाज ऐकू येत होता. पुढच्या संक्रांतीला शेजारणीने मला हळदीकुंकवाला बोलावलं, आईला नाही. मी गेले नाही. मे 2022 मध्ये हेरवाडच्या ग्रामसभेने विधवा प्रथांविरुद्ध ठराव केला ना, ते आमच्याच शिरोळ तालुक्यातलं. आईला फोन केला तर म्हणाली, "बरं केलं त्यांनी," आणि लगेच पावसाचं विचारायला लागली.

जुनी_वही
पंडिता रमाबाई आठवल्या. दुष्काळात आई-वडील गेले तेव्हा त्या सोळा-सतराच्या. भावाबरोबर पायी देशभर फिरल्या, पोथ्या वाचूनही पोट भरेना. 1883 ला इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला. त्याबद्दल लोक अजून भांडतात, पण त्या उपाशी पोरीचं पुण्य का फळलं नाही, ते कुणी विचारत नाही. हेमांगी, तुझी आजी वाचल्यावर हेच मनात आलं.

हेमांगी_क
जुनी_वही, हो. अबोली, तुझ्या आईला नमस्कार सांग.

रानजाई
विषय सोडून विचारते, माफ करा. लेकीचा पासपोर्ट काढायचाय, तिच्या वडिलांशी काही संबंध उरलेला नाही. त्यांचं नाव घालावंच लागतं का?

वसईकरीण
नाही लागत. 2016 च्या शेवटी नियम बदलला, एका पालकाचं नाव पुरतं. लेक अठराच्या आतली असेल तर एकट्या पालकासाठी वेगळं प्रतिज्ञापत्र असतं, ते भर. काही अडलं तर माझ्या विचारपूशीत निरोप टाक, मी बहिणीच्या मुलीचं केलंय.