अनुभव धागा: खोपोली स्टेशन आणि तिथली लोकल

घाटवाट: जुन्या बोरघाटाचं चित्र आज पाहिलं आणि खोपोली डोळ्यांपुढे आली. १८५६ ला रेल्वे इथवर आली, पुढे घाट. खंडाळा-पुणे १८५८ ला सुरू झालं, पण मधली घाटातली लाइन १८६३ पर्यंत नव्हती. ती पाच वर्षं लोक इथे उतरून पालखी, तट्टू, बैलगाडीने खंडाळ्याला चढायचे आणि वर दुसरी गाडी पकडायचे. मुंबई-पुणे प्रवासात एवढं महत्त्वाचं ठाणं! माहिती असेल ते लिहा.

पळसदरीकर: घाटाची लाइन पळसदरीवरून फुटली, खोपोली बाजूला राहिली. म्हणून खोपोलीहून लोणावळ्याला रेल्वेने थेट जाता येत नाही, रूळ तिथेच संपतात. एसटीने घाट चढा, नाहीतर कर्जतला परत येऊन पुण्याची गाडी धरा.

मीनल_डोंबिवली: इंडिकेटरवर के पी म्हणजे खोपोली, एस म्हणजे कर्जत. नवीन माणसं एस मध्ये बसतात आणि कर्जतला उतरून बघत राहतात 😊 सीएसएमटीहून थेट खोपोली कमीच, बाकी कर्जत-खोपोली शटल. कर्जतला दहा मिनिटं हातात ठेवा, पूल चढावा लागू शकतो.

रूळवाला: पळसदरीपुढे रूळ एकेरी. केळवली, डोळवली, लौजी, मग खोपोली. गेलेली गाडी परतल्याशिवाय पुढची सोडता येत नाही, म्हणून सकाळी एक शटल लेट झाली की पुढच्याही सरकतात. परतीच्या गाडीची वेळ उतरल्याबरोबर बघा, चुकली तर बराच वेळ बसावं लागतं.

सुवर्णा_ताई: मोबाइल तिकीट स्टेशनात शिरण्याआधीच काढा, आत जीपीएस अडवतं. 'शो तिकीट' नेटशिवाय उघडतं. झेनिथ धबधब्याला जाणाऱ्यांनो, पावसाळ्यात बंदी असते, आधी चौकशी करा. पोरं पाण्यात उतरतात, जीव जातात हो.

घाटवाट: @सुवर्णा_ताई अगदी खरं. वरून पाण्याचा लोंढा अचानक येतो.

अभि_के: कर्जतला एक्स्प्रेस इतका वेळ का थांबते? वडा घ्यायला?? 😄

रूळवाला: वडा मिळतो हे खरं, पण काम बँकरचं, म्हणजे घाटासाठी लागणाऱ्या जादा इंजिनांचं. पुढे ३७ ला १ चढ, म्हणजे ३७ मीटर अंतराला १ मीटर उंची. मागून इंजिनं जोडतात, ती ढकलतात आणि डब्यांच्या कपलिंगवरचा ताणही कमी करतात. उतरताना घाटातल्या ठाकूरवाडी, मंकी हिलला ब्रेक तपासायला थांबा असतो.

मीनल_डोंबिवली: वंदे भारतला बँकर लागत नाही ना?

रूळवाला: नाही. तिच्या डब्यांखालीच मोटारी आहेत, सगळं ओझं पुढच्या एका इंजिनावर येत नाही.

पळसदरीकर: खोपोलीचं वीजघरपण लिहा कोणीतरी, टाटांचं, १९१५ चं. घाटावरचं पाणी पाइपातून खाली आणून गिरण्यांना वीज दिली.

सुवर्णा_ताई: कुकर झाला, येते. संध्याकाळच्या शटलच्या वेळा टाका रे कुणीतरी