मदत हवी आहे : जुने फोटो, निगेटिव्ह आणि आईच्या आठवणी एकत्र कशा जपायच्या?

नमस्कार मंडळी,

थोडं लांबलचक होणार आहे, पण सगळं सांगितल्याशिवाय नीट सल्ला मिळणार नाही म्हणून सविस्तर लिहितेय.

दापोलीचं घर बंद करायचं ठरलं, आई माझ्याकडे पुण्याला राहायला आली आणि तिच्याबरोबर गोदरेजच्या कपाटातले सगळे अल्बम, पाकिटं, निगेटिव्हच्या पट्ट्या, दोन-चार व्हिडिओ कॅसेट असं सगळं आलं. बाबांना फोटोंचा भारी नाद होता. सरकारी नोकरी, त्यामुळे एलटीसी (सुट्टीतल्या प्रवासाची सरकारी सवलत) मिळायची, आणि ती त्यांनी कधी वाया जाऊ दिली नाही. उटी-म्हैसूर झालं, कन्याकुमारी झालं, ८७ च्या मे महिन्यात काश्मीर झालं, आणि मधल्या सुट्ट्यांमध्ये महाबळेश्वर, पन्हाळा, गणपतीपुळे हे चालूच असायचं. आधी आग्फा क्लिक थ्री कॅमेरा होता, १२० चा म्हणजे रुंद फिल्मचा रोल, बारा फोटो, त्यामुळे एकेक फोटो विचार करून काढायचे. मग हॉट शॉट आला, नंतर ३५ एमएमचा चांगला कॅमेरा.

आता अडचण अशी आहे की सगळ्यात जुने जे ब्लॅक अँड व्हाईट फोटो आहेत, काळ्या जाड पानांवर कोपरे लावून बसवलेले, मधे बटर पेपर, ते अजून ठणठणीत आहेत. आणि ८० नंतरचे रंगीत फोटो, ते त्या चिकट पानांच्या अल्बममध्ये आहेत, वरून प्लॅस्टिकचा कागद ओढून बसवायचा तो प्रकार, आठवत असेल बऱ्याच जणांना. त्यांची पार वाट लागलीये. पानं पिवळी पडलीत, डिंकाच्या रेघा फोटोच्या कडेने दिसायला लागल्यात, फोटो निघता निघत नाहीत आणि सगळ्यांचे चेहरे लालसर झालेत. काही फोटोंवर पांढरी बुरशी पण आहे, कोकणातले इतके पावसाळे काढल्यावर होणारच. इथल्या एका स्टुडिओत दोन फोटो नमुन्यादाखल दिले होते तर त्या मुलाने सरळ ओढून काढले, एकाचा कोपरा पानालाच चिकटून राहिला. तेव्हापासून बाहेर द्यायची हिंमत होत नाहीये.

पण माझी खरी काळजी वेगळीच आहे. फोटो आज ना उद्या स्कॅन होतील हो, फोटोत कोण आहे ते कोण सांगणार? काश्मीरचाच एक फोटो घ्या. निशात बागेत भाड्याने काश्मिरी ड्रेस घालून फोटो काढायचे, कमरेवर घडा घेऊन, त्यातला आहे. आईच्या फेरनखालून तिच्या साडीचा काठ दिसतोय, डोक्यावर ते चांदीसारखे दागिने, शेजारी दोन बायका, त्यांनीही तसेच ड्रेस घातलेत. मला वाटायचं नात्यातल्याच कुणी असतील. परवा आईने सांगितलं की त्या साताऱ्याच्या दोघी बहिणी, पठाणकोटपर्यंतच्या गाडीत ओळख झाली, पुढे श्रीनगरला एकाच हाऊसबोटीत राहिलो, नंतर कित्येक वर्षं दर दिवाळीला एकमेकींना पत्रं जायची. हे फोटोच्या मागे कुठेच लिहिलेलं नाही! आणि पुढे शिकाऱ्यातल्या फोटोत पाण्यावर एक सावली दिसते, हात चेहऱ्याशी, कोपर बाहेर, ते बाबा. सूर्य पाठीशी घेऊन फोटो काढायचा हा त्यांचा नियम, त्यामुळे ते स्वतः फोटोत क्वचित, पण सावली बऱ्याच फोटोंत आहे. हे पण आईनेच दाखवलं, मी इतकी वर्षं तोच फोटो बघत होते.

आई ७८ ची आहे, स्मरणशक्ती उत्तम आहे, पण मला हे आत्ताच करायचंय. तर प्रश्न असे : चिकट अल्बममधून फोटो न फाडता कसे काढायचे? बुरशीचं काय करायचं? स्कॅनिंग घरी करावं का, कुठला स्कॅनर, किती डीपीआय (म्हणजे स्कॅन किती बारीक)? १२० चे निगेटिव्ह घरच्या स्कॅनरवर होतात का? आणि सगळ्यात महत्त्वाचं, आई जे सांगते ते त्या त्या फोटोला कायमचं जोडून कसं ठेवायचं, म्हणजे उद्या माझ्या मुलीला फोटो आणि माहिती दोन्ही एकत्र सापडेल? नुसतं व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकून ते होणार नाही एवढं मला कळतंय.

प्रतिसाद : डार्करूम

ताई, आधी एक सांगतो, घाई करून एकही फोटो ओढू नका. चिकट पानावरचं प्लॅस्टिक हळूच उघडा आणि आहे त्या स्थितीत अख्खं पान स्कॅन करा किंवा दिवसाच्या उजेडात वरून सरळ फोटो काढा. पुढे काही बिघडलंच तरी तेवढं तरी हातात राहील. मग दात साफ करायचा फ्लॉस मिळतो ना, बिनमेणाचा घ्या, तो फोटोच्या कोपऱ्याखालून घालून करवतीसारखा हळूहळू पुढे-मागे करत न्या, फोटो सपाट राहिला पाहिजे, वाकवायचा नाही. वाकवला की वरच्या थराला तडा जातो. जो अजिबात दाद देत नाही तो पानासकट कापून ठेवा, बिघडत नाही. आणि फ्रेममध्ये काचेला चिकटलेला एखादा फोटो असेल तर तो काचेसकटच स्कॅन करायचा, सोडवायच्या भानगडीत पडू नका.

तुमचे जुने फोटो टिकले आणि नवे गेले याचं कारण ब्लॅक अँड व्हाईट फोटोत चित्र चांदीच्या कणांचं असतं, रंगीत फोटोत चांदी धुवून टाकतात आणि मागे राहतात ते रंग. त्या काळच्या कागदावरचा निळसर थर अंधारात ठेवला तरी उडतो, उष्णतेने अजून लवकर, म्हणून चेहरे लाल दिसतात. ते स्कॅन केल्यावर कॉम्प्युटरवर बऱ्यापैकी परत आणता येतं, निराश होऊ नका. आणि निगेटिव्ह शाबूत असेल तर प्रिंटच्या नादी न लागता निगेटिव्हच स्कॅन करा.

बुरशीला पाणी किंवा ओलं फडकं चुकूनही लावू नका. फोटोचा वरचा थर जिलेटिनचा असतो, बुरशीचं ते खाद्यच, आणि बुरशी लागलेलं जिलेटिन पाण्यात विरघळतं, फडक्याबरोबर चेहराच पुसला जाईल. आधी कोरड्या हवेशीर खोलीत चांगले वाळू द्या, मग मऊ ब्रशने गच्चीत किंवा गॅलरीत, तोंडाला मास्क लावून झटका. बुरशीवाले फोटो बाकीच्यांपासून वेगळे ठेवा.

प्रतिसाद : पूररेषा

आम्ही चिपळूणचे. २२ जुलै २०२१ ला घरात पाणी शिरलं तेव्हा अल्बमही चिखलात गेले. त्यातून जे शिकलो ते लिहितो, कुणाला कधी लागू नये पण लागलंच तर. ओले फोटो एकमेकांना चिकटून वाळू द्यायचे नाहीत, एकदा वाळले की गठ्ठा झाला म्हणून समजा. स्वच्छ गार पाण्याच्या घमेल्यात ठेवून हळूच सुटे करायचे, चित्राला बोट लावायचं नाही, चिखल पाण्यानेच जाऊ द्यायचा आणि चित्राची बाजू वर करून स्वच्छ सुती कापडावर वाळवायचे. वर्तमानपत्रावर नको, शाई उतरते. वेळ नसेल तर मधे मेणकागद घालून पिशवीत भरून फ्रीजरमध्ये टाकायचे, नंतर सवडीने थोडे थोडे काढून सोडवता येतात. आमचे बुरशी न लागलेले बरेचसे रंगीत फोटो असे वाचले, लग्नाचा अल्बम मात्र गेला.

आणि आता सगळं पुण्यात आहे तर परत कोकणातल्या कपाटात ठेवू नका. दमटपणा ६०-६५ टक्क्यांच्या वर गेला की बुरशी धरतेच. बंद डब्यात सिलिका जेल टाका, रंग बदलला की तापवून परत वापरता येतं. डांबराच्या गोळ्या फोटोंच्या डब्यात नकोत. बाजारात पातळ प्लॅस्टिकचे वास येणारे पॉकेट अल्बम मिळतात ते पीव्हीसीचे असतात, तेही नकोत, पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिस्टर बघून घ्या.

प्रतिसाद : खटक

स्कॅनिंगबद्दल. प्रिंटसाठी ६०० डीपीआय भरपूर झालं, पोस्टकार्ड साईझचा फोटो त्यातून दुप्पट मोठा छापता येतो. निगेटिव्हसाठी मात्र झाकणातही दिवा असलेला स्कॅनर लागतो, साध्या ऑफिसच्या स्कॅनरवर निगेटिव्ह होत नाही. एप्सनचा व्ही ६०० घ्या, सेकंडहँड मिळाला तरी चालेल, त्यावर ३५ एमएम आणि १२० दोन्ही होतं. ३५ ला २४०० ते ३२०० ठेवा, क्लिक थ्रीच्या मोठ्या निगेटिव्हला २४०० पुरे. त्यात धूळ-ओरखडे आपोआप काढायची सोय असते ती ब्लॅक अँड व्हाईट निगेटिव्हला लावू नका, चांदीमुळे गडबडते, ती फक्त रंगीत निगेटिव्हसाठी. मूळ स्कॅन टिफमध्ये (दर्जा न घटणारी मोठी फाईल) ठेवा, वाटायला जेपीजी काढा.

निगेटिव्हच्या पाकिटाचा वास घेऊन बघा. व्हिनेगरसारखा आंबट वास येत असेल तर ती फिल्म सडायला लागलीये, ती आधी स्कॅन करा आणि बाकीच्यांपासून लांब ठेवा, एकीमुळे दुसरीही लवकर बिघडते. कॅसेटच्या खिडकीतून टेपवर पांढरी पूड दिसली तर लावून बघू नका, टेपही जाईल आणि व्हीसीआरचं हेडही. नवीन व्हीसीआर तर जपानच्या फुनाईने २०१६ ला बंद केले, त्यानंतर कुणीच बनवत नाही, तेव्हा कॅसेट पुढच्या वर्षावर ढकलू नका.

प्रतिसाद : आठवणींची पेटी

ताई, तुमचा शेवटचा प्रश्न मला सगळ्यात जवळचा वाटला, मी सासूबाईंबरोबर हेच केलंय. आधी प्रत्येक फोटोला नंबर. जुन्या जाड कागदाच्या फोटोंच्या मागे कडेला मऊ पेन्सिलीने हलक्या हाताने लिहा, बॉलपेनने नको, पुढच्या बाजूला वण उठतो. रंगीत फोटोंच्या मागे पेन्सिल उमटत नाही, तिथे नंबर पाकिटावर. तोच नंबर स्कॅनच्या फाईलला, म्हणजे 1987-05_काश्मीर_014 असं. वर्ष नक्की नसेल तर अंदाज लिहा, पण अंदाज आहे असंही लिहा.

मग आईंना फोटो हातात द्या आणि मोबाईलवर रेकॉर्डिंग चालू करा. सुरुवातीला तुम्ही नंबर मोठ्याने म्हणा, मग त्यांना बोलू द्या. "हे कोण" असं विचारत बसू नका, "त्या दिवशी काय झालं होतं" विचारा, नावं आपोआप येतात. दुपारच्या चहानंतर थोडे थोडे फोटो, दमेपर्यंत नाही. नंतर ऐकून मुख्य माहिती फाईलच्या आतच कॅप्शन म्हणून लिहायची, डिजिकॅम नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, देवनागरी व्यवस्थित चालतं. म्हणजे फोटो कुठेही कॉपी केला तरी माहिती त्याच्याबरोबर जाते. फक्त व्हॉट्सॲपवर साधा फोटो म्हणून पाठवला की ती माहिती गळते आणि फोटोही बारीक होतो, डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

फोटोंचा क्रम लागत नसेल तर निगेटिव्हच्या कडेला छापलेले फ्रेमचे नंबर बघा, आधी डल लेक की आधी गुलमर्ग ते तिथे कळतं.

तीन प्रती ठेवा : एक कॉम्प्युटरवर, एक वेगळ्या हार्डडिस्कवर आणि एक दुसऱ्या घरी किंवा क्लाउडवर. गुगल फोटोज २०२१ च्या जूनपासून १५ जीबीच्या पुढे फुकट नाही, आणि टिफ तिथे पटकन जागा खातात. घरी लिहिलेल्या सीडी-डीव्हीडीवर विसंबू नका.

धागाकर्ती :

सगळ्यांचे मनापासून आभार! फ्लॉसचा प्रयोग काल एका रिकाम्या कोपऱ्यावर आणि मग म्हैसूरच्या वृंदावन गार्डनच्या एका फोटोवर केला, पूर्ण निघाला, मागे कोडॅकच्या कागदाचा छाप आणि बाबांच्या अक्षरात "रात्री कारंजी, सौ. ला थंडी" एवढंच लिहिलेलं सापडलं. चिकट अल्बममधल्या फोटोंच्या मागेही काही लिहिलेलं असेल असं डोक्यातच आलं नव्हतं, त्यामुळे आता दोन्ही बाजू स्कॅन करणार. तुम्हीही करा.

आठवणींची पेटी, तुमची पद्धत फार आवडली, रेकॉर्डिंग आजच सुरू केलं. आई आधी "माझा आवाज कशाला" म्हणाली, पण नंबर म्हटला की स्वतःच खुर्ची ओढून बसते. काका मात्र फोनवर सांगतायत की तो फोटो निशातचा नाही, शालिमारचा आहे. मी दोघांचंही म्हणणं कॅप्शनमध्ये नावासकट लिहून ठेवलंय.

एक प्रश्न राहिलाच. आई-बाबांच्या लग्नाचा मोठा फोटो हाताने रंगवलेला आहे, ब्लॅक अँड व्हाईटवर स्टुडिओवाल्याने ओठ, शालू, हार असं सगळं ब्रशने रंगवलंय, आणि शालूचा रंग एका जागी पोपडा धरून सुटायला लागलाय. त्याला मी घरी हात लावणार नाही. पुण्या-मुंबईत असं काम करणारं, म्हणजे फोटोशॉपवालं नाही, मूळ फोटोच दुरुस्त करणारं कुणी माहीत आहे का? कुणी स्वतः काम करून घेतलं असेल तर अनुभव, साधारण खर्च आणि किती दिवस लागले ते प्लीज इथे लिहा. तोपर्यंत फोटो आडवा ठेवलाय, वर काहीही न ठेवता.