पावणेतेरा लाखांपर्यंत कर नाही, म्हणून म्हातारपणाची बचतही बंद?

शिरोली_फाउंड्री (धागाकर्ता)

मार्च आला की आमच्या कँटीनमध्ये एकच विषय असायचा: ८०सी (ठरावीक बचतीवरची करवजावट) भरलं का? आता तो निघतच नाही. नवी करप्रणाली, पगारदाराला पावणेतेरा लाखांपर्यंत कर शून्य, मग पीपीएफ (पंधरा वर्षांचं सरकारी बचत खातं) कशाला आणि एनपीएस (बाजाराशी जोडलेली पेन्शन योजना) कशाला, असा सरळ हिशेब. दोघा-तिघांनी पीपीएफमध्ये वर्षाचे किमान ५०० टाकून खातं नुसतं जिवंत ठेवलंय. त्यातल्या एकाने वाचलेल्या पैशांवर गाडीचा हप्ता चालू केला.

माझं मत: कर वाचत नाही म्हणून ही बचत थांबवणं हा शुद्ध वेडेपणा आहे. नव्या प्रणालीत गेली ती फक्त पैसे भरतानाची वजावट. पीपीएफचं व्याज आणि मुदतीनंतरची रक्कम आजही करमुक्तच आहे. दर २०२० पासून ७.१ टक्क्यांवर अडकलाय हे खरं, पण वर्षाला दीड लाख पंधरा वर्षं भरले तर ४० लाखांच्या वर जातात आणि त्यातला एक रुपयाही आयकर खात्याला द्यावा लागत नाही.

आणि खासगी नोकरीत दुसरं आहे काय? ईपीएसची, म्हणजे पीएफसोबतच्या पेन्शन योजनेची, पेन्शन सध्या जास्तीत जास्त १५ हजारांच्या पगारावर मोजतात. ३५ वर्षं घासली तरी महिना साडेसात हजारांच्या आसपास. त्यात रिटायर झालेला माणूस औषधं आणेल की गॅस? वजावट हे निमित्त होतं. खरा फायदा कुलपाचा आहे, पैशाला हात लागत नाही याचा. विरोधी मतं येऊ द्यात.

उद्यमनगरी

भावा, तुझा पगार ठरल्या तारखेला जमा होतो म्हणून तुला कुलूप परवडतं. आमच्याकडं माल आज जातो आणि पेमेंट येतं नव्वद दिवसांनी, तेही पार्टीला आठवण झाली तर. मधल्या काळात कामगारांचे पगार, लाइटबिल, टूलिंग कुठनं भागवायचं? अशा वेळी पंधरा वर्षं हात न लावता येणारा पैसा म्हणजे दुसऱ्याच्या शेतातली विहीर. पाणी दिसतंय, पण प्यायचं नाही.

माझं म्हातारपण माझ्या शेडमध्ये आहे. दोन व्हीएमसी मशीन आहेत, जागा स्वतःची आहे. साठीनंतर भाड्यानं दिली तरी तुमच्या पेन्शनपेक्षा जास्त येईल. धंदा करणाऱ्याला पैसा फिरता लागतो.

शिरोली_फाउंड्री

पंधरा वर्षं अजिबात हात लागत नाही हे बरोबर नाही. तिसऱ्या ते सहाव्या वर्षापर्यंत पीपीएफवर कर्ज मिळतं, सातव्यापासून काही भाग काढता येतो. एनपीएस जास्त कडक आहे. तीन वर्षांनंतर स्वतः भरलेल्या रकमेच्या २५ टक्क्यांपर्यंत, तेही मुलांचं शिक्षण, लग्न, घर, आजारपण अशा कारणांसाठी.

पण खरं सांगू? पीपीएफची गरज माझ्यापेक्षा तुम्हाला जास्त आहे. बँकेची सीसी (धंद्यासाठीची कर्जाऊ उचल) थकली तर मशीन जाणार, शेड जाणार, तारण दिलेलं घरही जाणार. पीपीएफची शिल्लक मात्र कर्जापोटी कोर्टाच्या हुकमाने जप्त करता येत नाही, तसं कायद्यातच लिहिलंय. पैसा फिरता ठेवा की, पण सगळाच?

निवृत्त_गुरुजी

पीपीएफबद्दल माझी तक्रार नाही. माझा राग एनपीएसवर आहे, कारण त्याला पेन्शन म्हणणं ही फसवी भाषा आहे.

हिशेब मांडतो. महिना ५,००० रुपये, २५ वर्षं, १० टक्के परतावा धरला (मिळेलच असं कोणी लिहून देत नाही) तर साधारण ६६ लाख होतात. त्यातल्या ४० टक्क्यांची, म्हणजे साडेसव्वीस लाखांची (विमा कंपनीला रक्कम देऊन आयुष्यभर दरमहा पैसे मिळतात ती) अ‍ॅन्युइटी घ्या. सहा टक्के दर धरला तर महिना १३ हजार. वाचायला बरं वाटतं. आता महागाई वर्षाला ५ टक्के धरा. पंचवीस वर्षांनंतरचे १३ हजार म्हणजे आजचे चार हजारांच्या आत! शिवाय नेहमीच्या अ‍ॅन्युइटीत हा आकडा मरेपर्यंत तोच राहतो आणि त्यावर उत्पन्नाप्रमाणे कर बसतो तो वेगळाच. माझ्या पेन्शनला महागाई भत्ता आहे. माझा मुलगाही शिक्षकच, पण १ नोव्हेंबर २००५ नंतर लागला, म्हणून त्याला ती नाही, एनपीएसच आहे. मार्च २०२३ मध्ये राज्यभरातले कर्मचारी आणि शिक्षक जुन्या पेन्शनसाठी आठवडाभर संपावर होते, ते काय हौस म्हणून? आणि तुम्ही खासगीतले लोक आपण होऊन त्याच रांगेत उभे राहताय.

लक्ष्मीपुरी_आकडेमोड

गुरुजी, गणित बरोबर, पण अर्धंच सांगितलंत. उरलेले ४० लाख कुठं गेले? ते एकरकमी हातात येतात आणि करमुक्त असतात. शिवाय बिगर-सरकारी खातेदारांसाठी डिसेंबर २०२५ मध्ये नियम बदलला. आता साठीनंतर किमान २० टक्क्यांचीच अ‍ॅन्युइटी सक्तीची, ८० टक्क्यांपर्यंत एकरकमी काढता येतात. मात्र नियम बदलला तेव्हा आयकर कायद्यातली करमाफी ६० टक्क्यांपर्यंतचीच होती, त्यामुळे वरच्या २० टक्क्यांचं काय ते काढायच्या वेळी विचारून घ्या.

आता धागाकर्त्यालाही दोन शब्द. 'वजावट गेली' हे अर्धसत्य आहे. स्वतः भरलेल्या ५० हजारांची जादा वजावट जुन्या प्रणालीतच मिळते हे खरं. पण पगारातून *कंपनीने* एनपीएसमध्ये भरलेल्या रकमेला नव्या प्रणालीतही मूळ पगाराच्या १४ टक्क्यांपर्यंत वजावट आहे. ही गोष्ट इथल्या एमआयडीसीतल्या निम्म्या एचआरना कोणी सांगितलेलीच नाही असं वाटतं.

उदाहरण घ्या. पगार १४ लाख, मूळ पगार ७ लाख. ७५ हजारांची प्रमाणित (पगारदाराला आपोआप मिळणारी) वजावट गेली की करपात्र १३,२५,०००. २०२५-२६ च्या दरांनी कर ७८,७५०, सेस (उपकर) धरून ८१,९००. आता त्याच १४ लाखांतले ९८ हजार कंपनीमार्फत एनपीएसला वळवले. करपात्र रक्कम १२,२७,००० झाली. बारा लाखांच्या जरा वर असणाऱ्याला सीमांत सवलत मिळते, म्हणजे वरच्या रकमेपेक्षा जास्त कर घेत नाहीत. कर २७ हजार, सेस धरून २८,०८०. ९८ हजार बाजूला टाकले आणि कर ५३,८२० रुपयांनी कमी झाला. माझ्या टेबलावर असं पगारपत्रक आलं की मी आधी एचआरला फोन लावायला सांगतो, बाकीचं नंतर.

ज्यांचा पगार पावणेतेराच्या आत आहे त्यांना यातला काहीच फायदा नाही. त्यांनी पीएफमध्येच स्वेच्छेने जादा रक्कम कापून घ्यावी. २०२४-२५ चं व्याज ८.२५ टक्के होतं. स्वतःची वर्षाची रक्कम अडीच लाखांच्या वर गेली तरच वरच्या भागाच्या व्याजावर कर लागतो.

राजारामपुरी_पोरगं

एवढ्या भानगडी कशाला? इंडेक्स फंडात (शेअर निर्देशांकाप्रमाणे चालणाऱ्या फंडात) एसआयपी, म्हणजे दरमहा ठरावीक रक्कम, लावायची. पाहिजे तेव्हा काढता येते, वर्षाला सव्वा लाखापर्यंतच्या दीर्घकालीन नफ्यावर कर नाही, वर गेला तर साडेबारा टक्के. एनपीएसमध्येही शेवटी शेअरच घेतात की.

शिरोली_फाउंड्री

पाहिजे तेव्हा काढता येते, तीच तर अडचण आहे. बाजार पडल्यावर, मित्राचं लग्न ठरल्यावर आणि नवीन बुलेट आल्यावर 'पाहिजे तेव्हा' येतंच. तुझी पंचवीस वर्षं टिकली तर तुझ्याकडं माझ्यापेक्षा जास्त असेल, मान्य. माझ्याबरोबर एसआयपी लावलेल्यांतली टिकलेली मंडळी बोटांवर मोजण्याइतकी आहेत.

बावड्याची_लेक

तुमचं सगळं पगार आणि शेडभोवती चाललंय. मी विद्यापीठाजवळ मुलींची मेस चालवते. मला ना पीएफ, ना ईपीएस, ना एचआर. पैसा यायचा तो भिशीत जायचा. भिशीतून फ्रीज आला, मोठा कुकर आला, म्हातारपण काही आलं नाही.

पीपीएफ कोणालाही उघडता येतं, ५०० रुपयांपासून. जूनमध्ये मुली येतात तेव्हा जास्त टाकायचे, मे महिन्याच्या सुट्टीत काही नाही टाकले तरी चालतं. मला कर कधी लागलाच नाही, त्यामुळं वजावटीचं दुःखही नाही. पण कुलपाचं एवढं कौतुक करताय तर किल्ली कोणाकडं हेही बघा. आमच्या घरी वीस वर्षं 'तुझंच आहे सगळं' ऐकलं. सातबाऱ्यावर नाव नाही, प्लॉटवर नाव नाही. हे एक खातं माझ्या नावाचं आहे.

निवृत्त_गुरुजी

ताई, तुमचं पटलं.

पण आकडेमोडसाहेब, ८० टक्के एकरकमी हा फायदा म्हणून सांगताय? साठीच्या माणसाच्या खात्यात ५० लाख आले की काय होतं ते मी शाळेतल्या सहकाऱ्यांच्या ग्रॅच्युइटीचं पाहिलंय. पोराला पाचगावात फ्लॅट घ्यायचा असतो, जावयाला दुकान टाकायचं असतं, पतसंस्थेत अर्धा टक्का जास्त मिळतो म्हणून सांगणारा कोणीतरी दारात येतोच. तिशीत कुलूप आणि साठीत मोकळीक! ज्या वयात कुलपाची खरी गरज त्याच वयात ते काढून टाकलं. आधी अ‍ॅन्युइटी तुटपुंजी होती, आता तीही निम्मी केली.

शिरोली_फाउंड्री

साठीला सगळं काढलंच पाहिजे असं बंधन नाही गुरुजी. पुढं ७५ पर्यंत तर नक्कीच ठेवता येतं, आणि थोडं थोडं काढायचीही सोय आहे. नाही म्हणायला शिकणं आपल्याच हातात.

निवृत्त_गुरुजी

जावयाला नाही म्हणून दाखवा, मग बोलू.

उद्यमनगरी

जप्तीचा मुद्दा माझ्या सीएनं कधी सांगितला नव्हता, त्याला विचारतो. एनपीएसला माझा नकार कायम, पण पीपीएफ एक काढावं म्हणतो. मिसेसच्या नावानं काढलं तर चालतंय का? दोन्हीकडं दीड-दीड लाख बसतील?

लक्ष्मीपुरी_आकडेमोड

चालतं. दोघांची मर्यादा स्वतंत्र. महिन्याच्या ५ तारखेच्या आत भरा, नाहीतर भरलेल्या रकमेचं त्या महिन्याचं व्याज बुडतं. वर्षाचे एकदम भरणार असाल तर ५ एप्रिलच्या आत.

बावड्याची_लेक

आणि पासबुक मिसेसच्या कपाटात, तुमच्या ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये नाही.