प्रतिसाद: मुंबई–लंडन, जाताना जास्त वेळ का?
मुंबईहून लंडनला जाताना हिशेबापेक्षा जास्त वेळ का लागतो, असं तुम्ही विचारलंत. तुम्ही ७,२०० किमी अंतराला विमानाच्या ताशी ९०० किमी वेगाने भागून आठ तास काढलेत, पण ते अंतर नकाशावरचं, सर्वांत जवळच्या वाटेचं. विमान तसं सरळ जात नाही. बंद हवाई हद्दींना वळसा पडतो, शिवाय लंडनच्या हीथ्रो विमानतळावर उतरण्याआधी घिरट्या घालणं नित्याचंच. आणि खरी मेख वाऱ्याची. उंचावरचे जोरदार वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात, म्हणून जाताना ते समोरून आडवे येतात आणि परतताना पाठीशी असतात. त्यामुळे परतीचा प्रवास बहुधा तासभर तरी लवकर आटोपतो. तिकिटावरच्या वेळा मात्र स्थानिक असतात हं! हिवाळ्यात दुपारी २ ला निघून संध्याकाळी ६.३० ला पोहोचलात, तर ते साडेचार नव्हे, दहा तास, कारण तेव्हा लंडनचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असतं. आमचे काका यात हमखास फसतात.