दोन महिन्यांच्या करडाला पातळ हगवण: जंताचे औषध पुन्हा द्यावे का?

प्रश्न: वाळपईचा शेळीपालक

सर्वांना नमस्कार. आमच्याकडे कोकण कन्याळ जातीची तीन करडे आहेत. मागच्या महिन्यात ती सावंतवाडीच्या बाजूने आणली. त्यांची आई सोबत नसल्यामुळे गाईचे दूध बाटलीने पाजतो आणि जोडीला फणसाचा पाला व थोडा कोंडा देतो. मांगराच्या, म्हणजे शेतातल्या कोठाराच्या, एका कोपऱ्यात त्यांची सोय केली आहे. परंतु सध्याच्या पावसात चिऱ्यांच्या भिंतींना ओल आली असून खालची जमीन सुकतच नाही.

तिघांपैकी सर्वांत लहान पाट (मादी करडू), वजन अंदाजे सात किलो, परवापासून मलूल आहे. लेंड्या पडण्याऐवजी काळपट, चिकट, दुर्गंधीयुक्त हगवण होते, शेपटीखालचे केस माखलेले असतात आणि ती पाठ वाकवून कुंथते. दूध अर्धेच पिते व पाल्याला तोंड लावत नाही. नाक आणि डोळे स्वच्छ आहेत, खोकलाही नाही. दुकानदाराच्या सांगण्यावरून जंताचे औषध दिले, पण फरक पडला नाही. उद्या रविवार असल्याने डॉक्टर सोमवारीच भेटतील. तोवर जंताचे औषध पुन्हा द्यावे का? घरात माणसांची हगवण थांबवण्याची गोळी आहे, ती चालेल का? त्याच मांगरात आमच्या कोंबड्याही असतात. आजार त्यांच्यापासून आला असेल, असे शेजारच्या काकांचे म्हणणे आहे.

उत्तर: डिचोलीची गृहिणी

दादा, औषधाचा विचार करण्यापूर्वी तिचा ताप मोजा. माणसांचा साधा डिजिटल थर्मामीटर चालतो. टोकाला थोडे खोबरेल लावून तो गुदद्वारात हलकेच सरकवावा आणि आतल्या बाजूला टेकवून आवाज होईपर्यंत धरावा. करडाचे तापमान साधारण 101.5 ते 104 फॅरनहाइट असते. ते 105 च्या वर गेले तर तो खरा ताप, आणि 100 च्या खाली असेल तर ती थंड पडत चालली आहे असे समजावे. अशा थंड करडाला दूध मुळीच पाजू नका, कारण त्याचे आतडे काम करत नसते आणि दूध पोटात तसेच पडून राहते. आधी गोणपाटाने अंग कोरडे करा, कोमट पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून दोन्ही कुशींना लावा आणि तापमान पूर्ववत झाल्यावरच काही पाजा. ती स्वतःहून चोखत नसेल तर तोंडात बळेच ओतू नये. अर्धमेल्या जनावराच्या फुप्फुसात दूध जायला वेळ लागत नाही.

हगवण थांबवण्याची माणसांची गोळी अजिबात नको. तिने आतड्याची हालचाल मंदावते आणि बाहेर पडायला हवे ते आतच राहते.

उत्तर: पशुवैद्य, फोंडा

करडू प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय निदान करणे योग्य नाही. तरीही वय, पावसाळा, ओली जमीन, नुकताच झालेला प्रवास, काळपट हगवण आणि कुंथणे हे सर्व एकत्र पाहता माझा पहिला संशय कॉक्सिडिओसिसवर, म्हणजे आपल्याकडे ज्याला रक्ती हगवण म्हणतात त्यावर जातो. नावावरून हगवणीत रक्त दिसायलाच हवे असे लोकांना वाटते. शेळीच्या करडांत ते पुष्कळदा दिसत नाही. तीन आठवड्यांपासून पाच महिन्यांपर्यंतची करडे या आजाराला सर्वाधिक बळी पडतात आणि आई सुटणे, जागा बदलणे, गाडीतून प्रवास यांसारख्या ताणानंतर तो उफाळतो.

दुकानातील औषधाचा उपयोग का झाला नाही, याचे कारणही बहुधा येथेच आहे. कॉक्सिडिया हे जंत नसून आतड्याच्या पेशींत शिरून वाढणारे एकपेशीय परजीवी आहेत, आणि अल्बेंडाझोलसारख्या जंतनाशकांचा त्यांच्यावर परिणाम होत नाही. म्हणून तेच औषध पुन्हा देऊ नका. कॉक्सिडियावर अॅम्प्रोलियम किंवा सल्फा गटातील औषध द्यावे लागते. मात्र मात्रा आणि दिवस डॉक्टरांनीच वजन पाहून ठरवावेत. अॅम्प्रोलियम जास्त प्रमाणात किंवा जास्त दिवस दिल्यास शरीरातील बी-1 जीवनसत्त्व कमी पडते आणि करडू मान मागे टाकून आकाशाकडे पाहू लागते, कधी आंधळ्यासारखे भिंतीवर आदळते. सल्फाचे औषध शरीरातील पाणी आटलेल्या करडाला दिले तर मूत्रपिंडांना इजा होऊ शकते. तेव्हा पाण्याची भरपाई आधी करायची.

त्यासाठी मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडा. ती लगेच सपाट झाली नाही आणि डोळे खोल गेलेले दिसले, तर पाण्याची कमतरता बरीच आहे असे समजा. माणसांच्या ओआरएसचे एक लिटरचे पाकीट उकळून कोमट केलेल्या एक लिटर पाण्यात पूर्ण मिसळून घ्या आणि सात किलोच्या पाटीला त्यातील सुमारे अर्धा लिटर दिवसभरात पन्नास-साठ मिलिलिटरच्या घोटांनी, दुधाव्यतिरिक्त, पाजा. खालच्या पापणीची आतली बाजूही पाहून ठेवा. ती गुलाबी असेल तर ठीक; पांढुरकी पडली असेल तर रक्त पिणारे जंतही सोबत असण्याची शक्यता आहे आणि उपचार बदलतो.

सोमवारी जाताना ताज्या हगवणीचा नमुना स्वच्छ झाकणाच्या बाटलीत न्या. तो सकाळीच घ्यावा, जमिनीवरची माती लागू देऊ नये. तालुक्याच्या पशुचिकित्सालयात सूक्ष्मदर्शकाची सोय नसेल तर पणजीजवळ टोंक येथील सरकारी पशुवैद्यकीय रुग्णालयात चौकशी करता येईल. एक गोष्ट ध्यानात असू द्या: हगवण सुरू झाल्यावर पहिल्या एक-दोन दिवसांत विष्ठेत कॉक्सिडियाची अंडी दिसतीलच असे नाही. अहवाल कोरा आला म्हणून आजार नाही असे होत नाही.

कोंबड्यांचा दोष नाही. त्यांचे कॉक्सिडिया वेगळे असतात, ते शेळीला होत नाहीत. करडांच्या दृष्टीने खरा धोका वरून निरोगी दिसणाऱ्या मोठ्या शेळ्यांचा, कारण त्यांच्या लेंड्यांतून ही अंडी पडत राहतात.

ती आडवी पडून उठेनाशी झाली, पोट ढोलासारखे फुगले किंवा आचके देऊ लागली, तर सोमवारची वाट पाहू नका. नाकाडोळ्यांतून घाण येऊ लागली, तोंडात फोड दिसले आणि ताप चढला, तर तो पीपीआर हा शेळ्यांचा विषाणूजन्य साथीचा आजार असू शकतो आणि तसे पशुसंवर्धन खात्याला त्वरित कळवावे लागते.

उत्तर: काणकोणचा

डॉक्टरसाहेबांच्या बाकी सर्व म्हणण्याशी मी सहमत आहे, पण दुधाविषयी शंका आहे. आमच्या भागातील धनगर मंडळी हगवण लागली की करडाचे दूध एक दिवस पूर्ण तोडतात आणि तांदळाच्या पेजेचे वरचे पाणी देतात. त्यांची करडे जगतात, हेही मी पाहत आलो आहे.

उत्तर: पशुवैद्य, फोंडा

धनगरांच्या अनुभवाचा मला आदर आहे. त्यांची करडे आईमागे डोंगर चढून हिंडणारी, अंगाने भक्कम असतात. एक दिवसाची उपासमार ती सोसतात. बाटलीवरच्या सात किलोच्या पाटीजवळ तेवढा साठा नसतो. पेजेच्या पाण्याने पोटाला आराम मिळतो, पण त्यात मीठ आणि खनिजे पुरेशी नसतात आणि शक्ती तर फारच थोडी. म्हणून दूध तोडू नये, प्रत्येक वेळचे प्रमाण कमी करून वेळा वाढवाव्यात. फक्त दूध आणि ओआरएस एकत्र करू नका. ओआरएसमधील क्षारांमुळे चौथ्या पोटात दुधाचे दही नीट बांधले जात नाही. दोन्हींत दोन तासांचे अंतर ठेवावे. शिजलेला भात आणि कोंडा मात्र आठवडाभर बंद. आधीच बिघडलेल्या पोटात पिठूळ खाणे आंबले की नवीच आपत्ती उभी राहते.

प्रश्नकर्ता: वाळपईचा शेळीपालक

सर्वांचे देव बरें करूं. त्या संध्याकाळी तापमान 99.4 निघाले, त्यामुळे ताईंनी सांगितल्याप्रमाणे आधी ऊब दिली आणि रात्री उशिरा तिने स्वतःहून बाटली ओढली. सोमवारी तपासणीत कॉक्सिडियाची अंडी पुष्कळ सापडली. औषध सुरू झाले असून आज हगवण घट्ट होऊ लागली आहे, पाल्यालाही तोंड लावले. उरलेल्या दोघांनाही तेच औषध डॉक्टरांनी दिले आहे. आता मांगर फिनेलने धुऊन काढू का?

उत्तर: काणकोणचा

फिनेलने ही अंडी मरत नाहीत, आणि धुतल्याने ओल तेवढी वाढेल. त्यांना वाढायला ओल आणि ऊब लागते. आपला आषाढ-श्रावण त्यांना दोन्ही पुरवतो. आम्ही पोफळीच्या रिपांचे माचाण जमिनीपासून हातभर-दीड हात उंच बांधले आहे. दोन रिपांतील फट लेंडी खाली पडेल इतकी, पण करडाचा खूर अडकणार नाही इतकी, म्हणजे दीड सेंटिमीटरच्या आसपास ठेवावी. खालच्या लेंड्या रोज ओढून लांबच्या खड्ड्यात टाकाव्यात. नंतर त्या कुळागरात (सुपारी-नारळाच्या बागेत) खत म्हणून उपयोगी पडतात. पाला जमिनीवर न टाकता दोरीने टांगा, पाण्याची बादली लेंड्या पडणार नाहीत अशा उंचीवर बसवा. माचाण होईपर्यंत कोरडा पेंढा घाला आणि तो रोज बदला. पुढे मोठ्या शेळ्या घेतल्या तर त्यांना या करडांच्या कप्प्यात रात्रीचे बांधू नका.

पाट बरी झाल्यावर आणि तीन महिन्यांची झाल्यावर आंत्रविषार (जिवाणूंच्या विषामुळे होणारा आतड्याचा आजार) व पीपीआर या दोन्ही लसींविषयी डॉक्टरांना विचारून ठेवा. अशक्त असताना मात्र लस टोचण्याची घाई करू नये.